डोंगरउतारावर वणव्यात टिकेल असं काँक्रीटचं पाहुणेघर: आराखड्याबद्दल सल्ला हवा

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा काढायची वेळ आज पहिल्यांदा आली.

पाटण तालुक्यात, सडावाघापूरच्या अलीकडे आमची बावीस गुंठे जागा आहे. जमीन पश्चिमेकडे उतरते. दहा मीटर खाली चाललं की साधारण पावणेदोन मीटर उतार लागतो. वर गायरान, त्याच्या वर वनखात्याचं रान, खाली गवताचं माळरान आणि मग ओहोळ. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला जाणाऱ्या गाड्यांची रांग आमच्या बांधावरून दिसते. म्हणून दोन खोल्या, एक हॉल, स्वयंपाकघर आणि पुढे ओसरी असं पाहुण्यांसाठी छोटं घर बांधायचं चाललंय. कागदपत्रं मार्गी लागलीत, त्याबद्दल प्रश्न नाही.

प्रश्न वणव्याचा आहे. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, भर दुपारी, ओहोळातून आग वर आली. जनावरांची दावी कापायला वेळ मिळाला एवढंच. गोठा गेला, गवताची गंजी गेली, गोठ्याचे वासे दोन दिवस धुमसत होते. तेव्हापासून वडिलांचा एकच धोशा: लाकूड नको, कौल नको, सगळं काँक्रीट कर.

ठेकेदाराने आराखडा दिलाय तो असा. जेसीबीने डोंगर कापून सपाटी करायची, मागे आठ फुटी भिंत. पुढचा भाग खांबांवर उचलून खाली पार्किंग. वर सपाट स्लॅब, भिंतीही काँक्रीटच्या, आणि पश्चिमेला सूर्यास्तासाठी जमिनीपासून छतापर्यंत काच.

विचारायचं हे की आगीसाठी स्लॅब किती जाड घ्यावा? आणि सिमेंटमध्ये घालायचं 'फायरप्रूफ केमिकल' खरंच असतं का? ठेकेदार म्हणतो असतं, गोणीमागे एक बाटली.

गप्पिष्ट

होमस्टे बांधताय की बंकर? पाहुण्यांना चहाबरोबर हेल्मेट देणार का? :)

(गंमत सोडा, गोठ्याचं वाचून वाईट वाटलं. जनावरं वाचली हे नशीब.)

स्लॅबवाला

बाटलीचे पैसे वाचवा आणि ते कव्हर ब्लॉकवर (सळई सेंट्रिंगपासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) घाला.

आरसीसीच्या घरात आगीपुढे आधी मान टाकते ती सळई. साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते. सळईवर काँक्रीटचा जो थर असतो, ज्याला साइटवर 'कव्हर' म्हणतात, तो तिला त्या उष्णतेपासून लपवतो. म्हणून नुसती जाडी विचारून भागत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात याचा तक्ताच आहे. दोन तास आग सोसायची तर स्लॅब किमान १२५ मिमी जाड; कव्हर सलग स्लॅबला २५ आणि साध्या टेकलेल्या स्लॅबला ३५ मिमी. खांबाला ४० मिमी, आणि चारी बाजूंनी उघडा खांब असेल तर ३०० मिमीपेक्षा बारीक नको. यातलं काहीच महाग नाही.

महाग पडतो तो हलगर्जीपणा. स्लॅब भरायच्या दिवशी सकाळी स्वतः वर चढून बघा. कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचे तुकडे सरकवलेले असतात. मग बिगारी घमेली घेऊन जाळीवरून चालतात, खडी निसटते, जाळी सेंट्रिंगला टेकते. सेंट्रिंग काढल्यावर खालून सळईची नक्षी दिसते आणि दुसऱ्या दिवशी गवंडी ती गिलाव्याने झाकून टाकतो. कागदावर दोन तासांचा तो स्लॅब आगीत वीस मिनिटं टिकला तरी मिळवली, आणि तुमच्याकडच्या पावसात आधी गंजेल तो वेगळाच.

एक गोष्ट तुम्हाला फुकट मिळतेय. आपली खडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. गारगोटीच्या खडीत ५७३ अंशांना स्फटिक एकदम फुगतात आणि काँक्रीट आतून फुटायला लागतं. बेसाल्टला ती खोड नाही.

भिंती काँक्रीटच्या कशाला पण? सांगाडा आरसीसीचा घ्या, मधे वीट किंवा जांभा. वीट भट्टीतूनच आलेली असते, तिला आगीचं काय कौतुक.

आणि खरं सांगायचं तर गवताचा वणवा भिंतीपाशी काही मिनिटं थांबतो आणि पुढे जातो. त्याने १२५ मिमीचा स्लॅब पडत नाही. दोन तासांची परीक्षा घेते ती घराच्या आत लागलेली आग: गाद्या, पडदे, सिलिंडर. ती आत कशी शिरेल ते आधी बघा.

बे_एरियाकर

स्लॅबवाल्यांच्या शेवटच्या वाक्याला जोरदार +१.

मी कॅलिफोर्नियात, ओकलंडच्या टेकड्यांजवळ राहतो. इथे १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये टेकड्यांना आग लागून २५ माणसं गेली होती. जुने शेजारी अजून सांगतात की ज्वाळा घराला भिडायच्या आधी ठिणग्या आल्या. वाऱ्यावर उडणारे निखारे पुढे जाऊन पन्हळीतला पाचोळा, पायपुसणं, डेकखालची लाकडं शोधतात. शेजारच्या घराला झळ नाही आणि मधलंच घर जळून खाक, असं त्यामुळेच होतं.

कॅलिफोर्नियाच्या इमारत नियमावलीत २००८ मध्ये यासाठी प्रकरण ७-ए आलं. त्यातल्या तुमच्या कामाच्या गोष्टी सांगतो. हवेच्या झरोक्यांना ठिणगी रोखणारी बारीक जाळी, छिद्र दीड ते तीन मिमी. खिडकीला दुहेरी काच, त्यातली किमान एक टफन (तापवून कडक) केलेली. याशिवाय, वेगळ्या नियमांनुसार, घराभोवती शंभर फुटांपर्यंत झाडोरा विरळ. आणि भिंतीपासूनच्या पहिल्या पाच फुटांत जळेल असं काहीच नको: ना झुडूप, ना सरपण, ना लाकडी बाक. या पट्ट्याला इथे 'झोन झिरो' म्हणतात आणि त्यावरून इथे भांडणं चालूच आहेत, कारण लोकांना भिंतीलगतची गुलाबाची झाडं सोडवत नाहीत.

तुमची ती पश्चिमेची काच मात्र बघवत नाही हो. आग खालून, म्हणजे पश्चिमेकडून येणार आणि तुम्ही तिच्यासमोर घराचा सगळ्यात हळवा भाग उभा करताय. साधी काच मधे तापते आणि चौकटीत दडलेली कड थंड राहते; त्या ओढाताणीत ती तडकते. काच गेली की आत पडदे.

रानवाटा

आमचा वणवा विझवणारा गट आहे, दर उन्हाळ्यात दोन-चार रात्री डोंगरात जातात. बे_एरियाकर, माहिती चांगली आहे, पण तुमची आग आणि आमची आग यात फरक आहे. तिकडे मोठी झाडं शेंड्यापर्यंत पेटतात आणि घराला घर लागून असतं. सड्यावर गवत. कुसळी वाळली की फुर्रकन पेटते, पुरुषभर ज्वाळा उठते आणि निघून जाते. तिकडचे शंभर फूट जसेच्या तसे उचलून बावीस गुंठ्यांत बसवले तर घर कुठे बांधणार?

याला अपवाद दोन. एक बांबू. दुसरी कारवी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग उभीच्या उभी मरते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात अख्खा उतार वाळक्या काठ्यांनी भरलेला असतो आणि तिथली आग गवतासारखी पळून जात नाही, बसून खाते. तुमच्या वरच्या रानात कारवी असेल तर ते वर्ष डोक्यात ठेवा.

आता उतार. आग चढावर पळते, माणसासारखी दमत नाही. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट, हा आम्ही धरून चालतो तो हिशोब. तुमची जमीन दहा अंशांच्या आसपास आहे. त्यात दुपारचा वारा दरीतून वर येतो. आणि ओहोळ किंवा घळ म्हणजे धुराडं. तुमच्या गोठ्याकडे आग ओहोळातूनच आली, दुपारीच आली, यात नवल काहीच नाही. घर ओहोळाच्या तोंडावर येत असेल तर आधी जागा हलवा, स्लॅब नंतर.

जाळरेषा, म्हणजे आपणच आधी जाळून घेतलेला गवताचा पट्टा, दरवर्षी काढा. गवत अर्धवट वाळलेलं असताना, डिसेंबर-जानेवारीत, पहाटे दव असताना. वनरक्षकाला सांगून, दहा माणसं हाताशी ठेवून. वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. तोवर तुमचा पट्टा काळा झालेला असला पाहिजे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं तर उपग्रहाला आग दिसल्यावर फुकट एसेमेस येतो. तो येईपर्यंत गावातल्या कुणाचा तरी फोन आलेला असतो, पण रात्री उपयोग होतो.

तिन्हीसांज

आम्ही मुळशीकडे बारा वर्षं होमस्टे चालवतोय, दोन वणवे अंगणापर्यंत आले. इंजिनिअर लोक सांगणार नाहीत अशा चार गोष्टी सांगते.

पाण्याचा पाइप. झऱ्यावरून येणारा काळा पाइप डोंगरावर तसाच अंथरलेला असतो ना? वणव्यात पहिला तो वितळतो. नेमकं पाणी हवं तेव्हा नळाला फुस्स! तो फूटभर गाडून घ्या. प्लास्टिकची टाकी घराच्या खालच्या अंगाला नको. वर ठेवा, दगडी भिंतीच्या आडोशाला. दहा मीटर उंचीवर टाकी असेल तर नळाला एक किलोचा दाब मिळतो, मोटर लागत नाही. वणव्यात वीज असेलच असं समजू नका. पाठीवरचे दोन फवारणी पंप भरून ठेवा, आमच्याकडे सगळ्यात जास्त कामाला तेच आलेत.

स्लॅबवरचा पत्रा. तुम्ही आत्ता सपाट स्लॅब म्हणताय, पण पाटणच्या पावसात दुसऱ्याच वर्षी गळती लागेल आणि सगळे करतात तसं तुम्ही वर लोखंडी कैच्या उभ्या करून पत्रा टाकाल. त्या स्लॅब-पत्र्याच्या मधल्या जागेत पाचोळा, उंदरांची घरटी, जुन्या गाद्या, दिवाळीचे कंदील असं सगळं जमतं. आमच्याकडे ठिणगी तिथेच शिरली होती. तेव्हा पहिल्यापासून उतरता स्लॅबच घाला. पत्रा घालायचाच असेल तर चारी बाजूंनी लोखंडी जाळीने बंद करा.

डासांची नायलॉन जाळी काढून स्टीलची लावा. नायलॉन ठिणगीने विरघळते आणि उघड्या खिडकीला भोक पडतं. एक्झॉस्ट फॅनचं भोकही बघा.

सिलिंडर. गॅस हवेपेक्षा जड, उताराने पाण्यासारखा खाली वाहतो. तुमच्या आराखड्यात स्वयंपाकघराच्या खाली पार्किंग आहे. गळती झाली तर गॅस तिथे जाऊन बसेल आणि कुणीतरी गाडी सुरू करेल. सिलिंडर बाहेर, उघड्यावर, जिथून उतार घरापासून लांब जातो अशा कोपऱ्यात हवा.

आणि एक अनुभव. आमचं घर सगळ्यात जास्त जळण्यासारखं कधी होतं, तर बांधकाम चालू असताना! डोंगरात काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि स्लॅब मार्च-एप्रिलमध्ये पडतो, म्हणजे ऐन वणव्यात. खाली बल्ल्या, फळ्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, प्लास्टिकचे कागद. आमचा स्लॅब नऊ दिवसांचा होता. रस्त्याकडून आग आली आणि पूर्वेकडच्या बल्ल्या पेटल्या. वरती क्युरिंगसाठी आळी करून पाणी भरलेलं होतं. दोघा बिगाऱ्यांनी फावड्याने आळी फोडली आणि पाण्याची धार सरळ बल्ल्यांवर आली. अकरा बल्ल्या गेल्या. इंजिनिअरनी त्याच रात्री नवे टेकू लावून घेतले. मग चार दिवसांनी हातोडी घेऊन खालून स्लॅब ठोकत फिरले. सगळीकडे खणखणीत आवाज, फक्त कडेच्या हातभर पट्ट्यात बद्द बद्द. तेवढा भाग छिनून परत भरला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की आधी साइटभोवती गवत कापा, मग सेंट्रिंग मागवा.

गप्पिष्ट

आळी फोडून आग विझवली हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

मुरूम_कातळ

आगीवर सगळे बोललेत. मी भूगर्भशास्त्राचा माणूस, मला हा आराखडा वाचून वेगळीच धडकी भरली.

सड्यावरचा, २०२१ च्या जुलैत तुमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. वणवा तुमच्याकडे वर्षातून एखादी दुपार येतो. पाणी चार महिने मुक्कामाला असतं. आणि ठेकेदाराने सुचवलंय की उताराचा पायथा आठ फूट कापायचा आणि त्या कापाखाली झोपायच्या खोल्या बांधायच्या.

आठ फुटी भिंतीचा हिशोब करून दाखवतो. कोरडी मुरमाड माती मागे असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण पावणेदोन टनांचा रेटा. तीच माती पाण्याने भरली आणि पाणी निघालं नाही तर पावणेचार टन. माती तीच, भिंत तीच, रेटा दुपटीच्या वर. बहुतेक रिटेनिंग भिंती कमी लोखंडामुळे नाही, मागे तुंबलेल्या पाण्यामुळे जातात. ठेकेदार भिंतीत वीपहोल (पाणी बाहेर पडायची भोकं) ठेवतो, पण मागे दगडगोट्यांचा निचरा थर घालत नाही. सरळ खणलेली मातीच परत ढकलतो. दोन पावसात भोकं चिकणमातीने बुजतात आणि मालक खुश असतो की भिंतीतून आता पाणी येत नाही!

म्हणून बांधायच्या आधी एक पावसाळा जाऊ द्या. जिथे मागची भिंत येणार तिथे सहा-सात फुटांचा खड्डा घ्या, कडेने कुंपण करा आणि जुलैमध्ये बघा पाणी कुठल्या थरातून येतं. आपल्या डोंगरात वर सुटी माती-मुरूम आणि खाली कातळ. पाणी मुरत जातं, कातळावर थांबतं आणि त्या सांध्यावरून घसरगुंडी होते. खड्ड्यात कातळाच्या वर पिवळसर चिकट थर लागला तर तिथे काप घेऊच नका.

आणखी एक. वरची मंडळी झाडोरा साफ करा म्हणतायत. या उतारावर जेसीबीने 'साफसफाई' केलीत तर वणव्यापासून वाचाल आणि पावसात जाल. मुळं हीच तिथली सळई आहे.

रानवाटा

मुरूम_कातळ, भांडण नाही, मीही तेच म्हणतो. गवत विळ्याने कापायचं, उपटायचं नाही. मूळ जमिनीत राहिलं की पुढच्या पावसात माती धरतं, आणि कापलेलं गवत तिथेच पसरून ठेवायचं नाही, गोळा करून जनावरांना. झाडं ठेवा. फक्त खालच्या फांद्या डोक्याच्या वरपर्यंत छाटा म्हणजे गवताची ज्वाळा शेंड्याला चढणार नाही. ऐन असेल तर हात लावू नका, त्याची जाड साल आग सोसते. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन अकेशिया असेल तर ते मात्र काढा, तेल आणि वाळका पाला दोन्ही वाईट. खालच्या बांधावर घायपाताची दुहेरी रांग लावा. उन्हाळ्यात ते हिरवंगार रसरशीत असतं आणि माती पण धरतं.

स्लॅबवाला

मुरूम_कातळ यांनी माझ्या तोंडातलं काढून घेतलं. मला पुढचे खांब खुपतायत.

उतारावर घर खांबांवर उचललं की मागचे खांब दोन-तीन फुटांचे आणि पुढचे आठ-नऊ फुटांचे होतात. भूकंपात सगळा स्लॅब एकत्र हलतो, पण आखूड खांब ताठ असतो. उंची निम्मी केली की ताठपणा साधारण आठपट. म्हणजे सगळा मार त्या बुटक्या खांबांवर, आणि ते तिरके फुटतात. कोयनेचा परिसर आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या नकाशात झोन चारमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात, आहे. ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तेव्हा खांबांचं तपशीलवार काम आयएस १३९२० प्रमाणे हवं: रिंगा (उभ्या सळयांभोवतीचे वेढे) जवळ जवळ आणि त्यांची टोकं आत १३५ अंशांत वळवलेली. साइटवर ९० अंशांतच वाकवतात, कारण तेवढीच सवय असते.

शिवाय ती खांबांमधली उघडी जागा आगीलाही आयती आहे. वर येणाऱ्या ज्वाळेला वळचण मिळते आणि पार्किंगच्या नावाखाली तिथे काय काय जमतं ते तिन्हीसांजताईंनी सांगितलंच आहे.

माझ्या मते: काप नको, खांब नको. उताराबरोबर दोन टप्प्यांत घर बसवा, जोतं दगडी आणि भरीव. तुमच्या दहा मीटर खोलीच्या घराला पावणेदोन मीटर उतार, म्हणजे तीन-तीन फुटांच्या दोन पायऱ्या. तीन फुटी भिंतीवरचा रेटा आठ फुटीच्या सातव्या हिश्श्याइतकाच, कारण तो उंचीच्या वर्गाने वाढतो. घराच्या वरच्या अंगाला दगडी गटार काढून पाणी दोन्ही बाजूंनी लांब न्या, ओहोळात सोडताना खाली दगडांचा ढीग ठेवा, नाहीतर तिथेच नवी घळ पडेल.

सड्यावरचा

बापरे. मी स्लॅबची जाडी विचारायला आलो होतो.

सगळ्यांचं वडिलांना वाचून दाखवलं. जेसीबीवर ते गप्प राहिले. सदुसष्टच्या भूकंपाचं वाचल्यावर मात्र बोलायला लागले. तेव्हा ते सात वर्षांचे होते, आजीने त्यांना गोधडीसकट उचलून अंगणात टाकलं होतं, आणि सकाळी गावात उभ्या होत्या त्या मेढी (लाकडी खांब) आणि कुडाच्या भिंती. "मातीची भिंत पडली, मेढ उभी होती," असं दोनदा म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, ओसरीला लाकडी खांब अजिबातच चालणार नाहीत का?

काचेचं काय करू? बायकोचा जीव त्या सूर्यास्तावर आहे आणि पाहुणेही त्यासाठीच येणार.

तिन्हीसांज

काच ठेवा हो. अख्खी भिंत नको, कमरेएवढी भिंत आणि वर टफन काच. बाहेरून सरकणारा पत्र्याचा दरवाजा करून घ्या, दुकानाच्या शटरसारखा. फेब्रुवारी ते मे घर रिकामं सोडून जाताना तो ओढून घ्यायचा. आमच्याकडे आहे, पावसाच्या झडीलाही तोच कामाला येतो. आणि कठड्यापुढे पाच-सहा फूट फरशी टाका. तिथेच खुर्च्या टाकून माणसं सूर्यास्त बघतात, काचेमागे कुणी बसत नाही. फक्त खुर्च्या वेताच्या नकोत, आणि उठल्यावर आत घ्या.

स्लॅबवाला

जाड लाकूड वडिलांना वाटतं तितकं वाईट नाही, आणि माझ्या तोंडून हे ऐकून गप्पिष्ट हसतील. आठ-नऊ इंची सागवानी खांब वरून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला झाकतो. पेटतात त्या बारीक गोष्टी: रिपा, फळ्या, चटया, गवती छपरं. ओसरीला चार जाड खांब दगडी उथाळ्यांवर बसवा, वर लाकडाऐवजी लोखंडी वासे आणि पत्रा. पण खालच्या, पश्चिमेच्या अंगाला नको. पूर्वेला, आतल्या अंगणाकडे.

बे_एरियाकर

आणि शेकोटी कुठे करणार तेही आत्ताच ठरवा. शनिवारचे पाहुणे शेकोटी मागणार म्हणजे मागणार.

सड्यावरचा

धागा वर काढतोय. साडेतीन महिने झाले.

सगळ्यांच्या सांगण्यावरून यंदा काम सुरूच केलं नाही. मागच्या भिंतीच्या जागी मे महिन्यात खड्डा घेतला. पाच फुटांवर कातळ लागला आणि त्याच्यावर वीतभर जाडीचा पिवळा चिकट थर, हातात घेतला तर साबणासारखा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दोन दिवस उघडला होता तेव्हा जाऊन बसलो. वरून कोरडं, पण खड्ड्याच्या डोंगराकडच्या बाजूने, बरोबर त्या थरावरून, बोटाएवढी धार चालू होती. तासभर बघत बसलो. ठेकेदारालाही नेऊन दाखवली. तो म्हणाला, "पंप लावू."

ठेकेदार बदलला.

घर आता उत्तरेकडे बारा-पंधरा मीटर सरकवलंय, ओहोळापासून लांब, जिथे उतार थोडा मंदावतो. तिथल्या खड्ड्यात तीन फुटांवरच कातळ लागला आणि धार नाही. दोन टप्पे, भरीव दगडी जोतं, मधे जांभा, उतरता स्लॅब १२५ मिमी. कराडच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरनी नकाशे करून दिले. त्यांनी स्लॅबवाल्यांचा मजकूर वाचून विचारलं, हे कोण गृहस्थ? टाकी वर, पाइप गाडलेला. घायपाताची रोपं गेल्या आठवड्यात लावली. शेकोटीसाठी वरच्या टप्प्यावर दगडी कुंडी, तिच्यावर झाकण. पाच फुटांच्या पट्ट्यात नुसती खडी.

एकच अडचण आहे. त्याच पट्ट्यात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, पावसाने भिजू नये म्हणून सरपण आणि गोवऱ्या रचायचं आईने आत्तापासून ठरवून टाकलंय. नकाशात दाखवलं, बे_एरियाकरांचं वाचून दाखवलं. म्हणते, "तुझ्या अमेरिकेतल्या मित्राला म्हणावं, आधी ओल्या लाकडावर चूल पेटवून दाखव."

तिन्हीसांज

वरच्या टाकीखाली एक कोनाडा बांधून द्या, लोखंडी दाराचा. सरपण कोरडं राहील. पण त्यांनाच नेऊन विचारा कुठे हवा, तुम्ही ठरवू नका.

सड्यावरचा

विचारलं. चुलीपासून चाळीस पावलं पडतात, मोजून आली. चर्चा चालू आहे.